अंदाज ३:५३, निकाल ४:२१ : सरावावरून काढलेली मॅरेथॉनची वेळ दरवर्षी का चुकते?

तक्रार नेहमीची आहे. चार महिने सराव होतो, लाँग रन (आठवड्यातली सर्वांत लांब धाव) पार पडतात, हाफ मॅरेथॉनची (२१.१ किलोमीटर) ताजी वेळ हाताशी असते, ती अंदाज देणाऱ्या कॅल्क्युलेटरमध्ये घातली की फुल मॅरेथॉनची (४२.२ किलोमीटर) वेळ समोर येते, आणि शर्यतीच्या दिवशी निकाल त्यापेक्षा वीस-पंचवीस मिनिटे उशिरा लागतो. पुढच्या वर्षी पुन्हा तेच. एखाद्या वर्षी चुकले तर हवा, पोट किंवा अपुरी झोप यांच्यावर ढकलता येते. पण चूक दरवेळी उशिराच्याच बाजूला होत असेल, तर तो योगायोग नसतो. मोजण्यातच कुठेतरी दोष असतो आणि तो शोधून काढता येतो.

माझेच आकडे देतो. मी पुण्यात सराव करतो आणि जानेवारीतली मुंबई मॅरेथॉन धावतो. पहिल्या वर्षी हाफची वेळ १:५२ (तास:मिनिटे) होती, कॅल्क्युलेटरने ३:५३ सांगितले, निकाल लागला ४:२१. माझा वेगच कमी पडला असे समजून दुसऱ्या वर्षी मी इंटरव्हलवर (वेगातल्या छोट्या फेऱ्या, मध्ये विश्रांती) भर दिला, हाफ १:४९ वर आणली, अंदाज ३:४७ झाला आणि प्रत्यक्षात ४:१९ लागले. म्हणजे मी तीन मिनिटांनी वेगवान झालो, निकाल दोन मिनिटांनी सुधारला आणि अंदाजातली चूक मात्र २८ मिनिटांवरून ३२ मिनिटांवर गेली. दुखणे वेगात नाही, हे तेव्हा ध्यानात आले. तिसऱ्या वर्षी सराव बदलण्याआधी मी दोन वर्षांच्या नोंदी काढून बसलो. त्यात जे सापडले ते पुढे क्रमाने मांडतो. क्रम मिनिटांच्या हिशेबाने नाही, तपासायला सोपे ते आधी, असा आहे.

सूत्र कशासाठी बनले होते

बहुतेक कॅल्क्युलेटरांच्या पोटात पीट रीगल या अमेरिकी अभियंत्याचे सूत्र असते. त्यांनी ते १९७७ मध्ये ‘रनर्स वर्ल्ड’ मासिकात मांडले आणि १९८१ मध्ये ‘अमेरिकन सायंटिस्ट’मध्ये त्यावर सविस्तर लिहिले. नव्या अंतराला जुन्या अंतराने भागायचे, आलेल्या संख्येचा १.०६ वा घात काढायचा आणि त्याने जुनी वेळ गुणायची, एवढेच ते आहे. हाफवरून फुल काढताना अंतर दुप्पट होते, म्हणून गुणक २.०८५ येतो. १:५२ची नुसती दुप्पट ३:४४ झाली असती. सूत्र थकव्यासाठी त्यात साडेनऊ मिनिटे घालते. जो पहिल्या फुलला ३२ किलोमीटरनंतर पदपथाच्या कडेला बसला आहे, त्याला साडेनऊ मिनिटांत थकवा भागवण्याची ही काटकसर पाहून हसू येईल.

पण दोष रीगल यांचा नाही. त्यांनी अभ्यासले ते विक्रमांचे आकडे, आणि सूत्र साधारण साडेतीन मिनिटांपासून २३० मिनिटांपर्यंतच्या प्रयत्नांना लागू पडते, असे त्यांनीच सांगितले होते. २३० मिनिटे म्हणजे ३:५०. चार-सव्वाचार तासांत धावणारे आपण सगळे त्या सूत्राच्या कुंपणाबाहेर उभे आहोत आणि कॅल्क्युलेटर ही गोष्ट आपल्याला कधीच सांगत नाही. सुमारे २,३०० हौशी धावपटूंच्या वेळांचा एक अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातही हेच दिसले, की हाफपर्यंतच्या अंतरांना सूत्र व्यवस्थित लागू पडते, पण फुलसाठी ते निम्म्या धावपटूंना किमान दहा मिनिटे जास्त वेगवान ठरवते.

कारण शरीरातल्या साठ्यात आहे. धावताना एका किलोमीटरला शरीराच्या दर किलोमागे साधारण एक कॅलरी लागते. ७० किलोच्या माणसाला पूर्ण अंतरासाठी २,९०० च्या वर कॅलरी लागतात, आणि स्नायू व यकृतातला ग्लायकोजेनचा (साठवलेल्या कर्बोदकांचा) साठा त्यातला मोठा भाग पुरवत असला तरी सगळा पुरवू शकत नाही. हाफमध्ये हा साठा तळाला जातच नाही. म्हणून हाफची वेळ कितीही खरी असली तरी तिला ३२व्या किलोमीटरची काहीच खबर नसते. घड्याळात आपोआप दिसणाऱ्या अंदाजांची आणि ‘यासो ८००’ची गोष्ट तीच. बार्ट यासो यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या सरावात ८०० मीटरच्या दहा फेऱ्या मारतात आणि प्रत्येक फेरी ३ मिनिटे ५० सेकंदांत झाली तर मॅरेथॉन ३ तास ५० मिनिटांत होईल असे मानतात. दुसऱ्या वर्षी माझ्या फेऱ्या सरासरी ३:४८ ला होत होत्या आणि मी फार खूश होतो. दहा फेऱ्या म्हणजे आठ किलोमीटर, तेही मध्ये विश्रांती घेत. त्यातून दम कळतो, टिकाव कळत नाही.

थांबलेले घड्याळ

माझ्या नोंदींतला सर्वांत लाजिरवाणा दोष इथे होता. पहिल्या वर्षीचा सर्वांत मोठा लाँग रन सारसबागेजवळून खडकवासल्यापर्यंत आणि परत, असा ३० किलोमीटरचा होता. ॲपमध्ये त्याची वेळ ३:०५ आणि पेस, म्हणजे एका किलोमीटरला लागणारा वेळ, ६:१० (मिनिटे:सेकंद) दिसत होता. पहाटे कुडकुडत, गप्पा मारत, पुलावर सूर्य उगवताना पाहत केलेल्या धावेचा हा पेस असेल, तर शर्यतीत ३:५३ साठी लागणारा ५:३२ जमायला हरकत नाही, असे मला वाटले होते. दोन वर्षांनी तीच नोंद उघडून एकूण गेलेला वेळ पाहिला, तर तो ३:२९ होता. घड्याळातले ऑटो-पॉज (थांबलो की वेळ मोजणे आपोआप थांबवणारी सोय) चालू होते. धायरी फाट्याच्या सिग्नलला चार मिनिटे (दोघे मागे राहिले होते), धरणापाशी फोटो आणि पाणी यांत नऊ, बुटाची नाडी आणि खडा यांत तीन, परतताना शहाळ्याच्या गाडीवर सहा, शेवटी पुन्हा पाण्यासाठी दोन. एकूण २४ मिनिटे. सगळा वेळ धरला तर पेस ६:५८ होतो.

शर्यतीत थांबण्याची वेळ मोजली जाते, हा यातला साधा भाग झाला. खरी गोम अशी, की प्रत्येक थांब्यात हृदयाचे ठोके खाली येतात, पाय सैल होतात, पोटात चार घोट जातात आणि पुढचे पाच-सहा किलोमीटर ताज्या माणसासारखे निघतात. ती ३० किलोमीटरची एक धाव नव्हती. पाच-सहा छोट्या धावा होत्या. त्यावरून ४२ किलोमीटरचा अंदाज काढणे म्हणजे टप्प्याटप्प्याने घाट चढलेल्या गाडीचा एका दमातला वेग सांगण्यासारखे आहे.

तेव्हा पहिली दुरुस्ती: ऑटो-पॉज बंद करावे आणि जुन्या लाँग रनच्या नोंदींत एकूण गेलेला वेळ पाहावा. चालता वेळ आणि एकूण वेळ यांत ३० किलोमीटरमागे पाच मिनिटांहून अधिक फरक असेल, तर ती धाव व्यायाम म्हणून मोजावी, पुरावा म्हणून मोजू नये. सगळेच लाँग रन न थांबता करावेत असे माझे म्हणणे नाही; शहाळे सोडून धावण्यात काही अर्थ नाही. हंगामात दोन धावा मात्र पाणी सोबत बाळगून, सिग्नल टाळता येईल अशा रस्त्यावर, सलग कराव्यात.

त्या सलग धावेत ठोक्यांचाही हिशेब ठेवता येतो. धावेचे दोन समान भाग करून, पेस तोच असताना ठोक्यांची सरासरी किती वाढली ते पाहावे. माझी पहिल्या भागात १४५ आणि दुसऱ्या भागात १५७ होती, म्हणजे आठ टक्क्यांहून अधिक वाढ. प्रशिक्षक साधारणपणे पाच टक्क्यांपर्यंतची वाढ ठीक मानतात. त्यापुढे गेल्यास तो पेस त्या अंतरासाठी अजून आपला झालेला नाही. मनगटावरचा सेन्सर कधी कधी ठोक्यांऐवजी पावलांची गती पकडतो, त्यामुळे आलेख एकाएकी १७०-१८०च्या रेषेत सपाट दिसला तर तो भाग सोडून द्यावा किंवा छातीचा पट्टा वापरावा.

आठवड्यांची खरी बेरीज

‘आठवड्याला किती होतात?’ या प्रश्नाला आपण जे उत्तर देतो ते आपल्या चांगल्या आठवड्याचे असते. मी ‘पंचावन्न’ सांगत असे. पहिल्या वर्षी शर्यतीआधीच्या आठ आठवड्यांची नोंद अशी निघाली: ५४, ५१, १२, ५६, १८, ४८, ४०, २५. बारा म्हणजे चुलतबहिणीचे लग्न, अठरा म्हणजे सर्दी-ताप. शेवटचे पंचवीस ही टेपरची, म्हणजे शर्यतीआधी मुद्दाम केलेली, कपात, तिला माझी हरकत नाही. बेरीज ३०४, सरासरी ३८.

या फरकाची किंमत मिनिटांत काढता येते. जोव्हानी तांदा या इटालियन संशोधकाने २०११ मध्ये फक्त सरावाच्या दोन आकड्यांवरून मॅरेथॉनचा पेस काढणारे सूत्र मांडले: आठ आठवड्यांची सरासरी साप्ताहिक किलोमीटर आणि त्या सगळ्या धावांचा सरासरी पेस. माझा सरासरी पेस ६:२५ होता. पंचावन्न किलोमीटर घातले तर सूत्र ३:५४ देते, म्हणजे हाफवरून काढलेल्या ३:५३ ला जणू साक्षीदार मिळाला. खरे ३८ घातले तर तेच सूत्र ४:०१ देते. दोन वेगळ्या पद्धतींचे उत्तर जुळले म्हणून मी निश्चिंत झालो होतो; पण एकीत आकडा खोटा होता आणि दुसरी माझ्यासाठी बनलेली नव्हती. शिवाय तांदा यांनी तपासलेले धावपटू २:४७ ते ३:३६ या वेळांतले होते, त्यामुळे चार तासांच्या माणसाने त्यांचे ४:०१ हेही थोडे आशावादीच धरावे. या सूत्राचा मोठा उपयोग अंदाजासाठी नाहीच, आठ आठवड्यांची बेरीज प्रामाणिकपणे करायला ते भाग पाडते यासाठी आहे. शून्याचा आठवडाही आठांत मोजायचा. ‘तो आजारपणाचा होता’ म्हणून सोडायचा नाही.

पुण्याची थंडी, मुंबईची दमट पहाट

पुणेकरांनी हा भाग दोनदा वाचावा. आमचे शेवटचे महत्त्वाचे लाँग रन डिसेंबरात होतात, जेव्हा पहाटे पारा अनेकदा १२ अंशांच्या आसपास आणि हवा कोरडी असते. मुंबईत जानेवारीतही पहाटेच हवा उबदार आणि दमट असते, घाम वाळत नाही आणि म्हणून शरीर थंड होत नाही. चार-सव्वाचार तासांचा धावपटू शेवटचा तास उन्हात असतो. पॅरिस, लंडन, बर्लिन, बॉस्टन, शिकागो आणि न्यूयॉर्क या सहा मॅरेथॉनच्या निकालांवर २०१२ मध्ये झालेल्या अभ्यासात सर्वोत्तम वेळांसाठीचे तापमान धावपटूंच्या पातळीनुसार ३.८ ते ९.९ अंश इतके निघाले होते. आपल्याकडे तसा दिवस शर्यतीला मिळणे नाही.

याचा अर्थ हाफची वेळ कुठली आहे, हेही लिहून ठेवले पाहिजे. पुण्यातल्या थंड सकाळची हाफ मुंबईच्या फुलचा अंदाज बांधायला कच्ची पडते. त्याउलट साताऱ्याच्या हिल हाफ मॅरेथॉनची वेळ यवतेश्वरच्या घाटामुळे कुठल्याच सपाट शर्यतीशी जुळत नाही; ती धावावी जरूर, कॅल्क्युलेटरमध्ये घालू नये. तिसऱ्या वर्षी मी डिसेंबरात किनारपट्टीवरची हाफ मुद्दाम निवडली. वेळ १:५१ आली, आदल्या वर्षापेक्षा दोन मिनिटे जास्त. तरीही मला ती १:४९ पेक्षा जास्त भरवशाची वाटली.

घड्याळातले ४२ आणि रस्त्यावरचे ४२

हा दोष लहान आहे, पण फसवा आहे. शर्यतीचा मार्ग जोन्स काउंटर (चाकाचे फेरे मोजणारे यंत्र) लावलेल्या सायकलने, धावता येईल अशा सर्वांत कमी अंतराच्या रेषेवरून मोजतात आणि तो कमी भरू नये म्हणून किलोमीटरला एक मीटर जादा धरतात. (सूत्रवाले रीगल हे स्वतः रस्ते मोजण्याच्या कामातले मोठे नाव होते, ही मला या सगळ्या शोधातली सर्वांत आवडलेली माहिती.) आपण मात्र वळणांवर बाहेरून जातो, पाण्याच्या टेबलाकडे तिरके धावतो, आणि उंच इमारतींमध्ये जीपीएस स्वतःही भरकटते. त्यामुळे शेवटची कमान ओलांडताना घड्याळात ४२.७ दिसणे नवलाचे नाही. ३:५४ साठी मार्गावर ५:३३ चा पेस लागतो, घड्याळात ४२.७ भरणार असतील तर तिथे ५:२९ दिसायला हवा. चार सेकंदांचा हा फरक शेवटी पावणेतीन मिनिटांचा होतो. उपाय सोपा आहे: घड्याळात आपोआप पडणारे लॅप (किलोमीटरच्या नोंदी) बंद करून दर किलोमीटरच्या फलकाशी बटण दाबावे.

दुरुस्त केलेला अंदाज

एवढे तपासल्यावर कॅल्क्युलेटर बाजूला ठेवून गुणक वापरावा. फुलच्या वेळेला त्याच हंगामातल्या हाफच्या वेळेने भागले की स्वतःचा गुणक मिळतो. माझे २.३३ आणि २.३८ आले. हे जसेच्या तसे पुढच्या वर्षाला लावू नयेत, कारण त्यांत सरावाची उणीव आणि शर्यतीतली चूक अशा दोन गोष्टी एकत्र आहेत. पहिल्या वर्षी मी पहिला अर्धा भाग १:५५ ला धावलो आणि दुसरा २:२६ ला. त्या ३१ मिनिटांतला बराचसा भाग ३:५३ वर ठेवलेल्या विश्वासाचा आहे. चुकीचा अंदाज नुसता चुकत नाही, तो सुरुवातीचा वेग ठरवतो आणि निकाल आणखी बिघडवतो.

माझा अनुभवाचा ठोकताळा (संशोधन नव्हे) असा आहे: आठ आठवड्यांची खरी सरासरी चाळिशीच्या आसपास असेल तर २.२, पन्नाशीच्या वर असेल आणि सलग लाँग रन झाले असतील तर २.१५, आणि २.०८५ साठी आठवड्याला सत्तर-ऐंशी किलोमीटर धावणाऱ्यांनीच अर्ज करावा. तिसऱ्या वर्षी माझी सरासरी ५२ होती. १:५१ ला २.१५ ने गुणले तर ३:५९ आणि २.२ ने गुणले तर ४:०४, असा पट्टा निघाला.

तो तपासायला शर्यतीच्या चार आठवडे आधी एक चाचणी ठेवली: ३० किलोमीटर सलग, त्यांतले शेवटचे १२ किलोमीटर पट्ट्याच्या संथ टोकाच्या पेसने, म्हणजे ५:४७ ने, शर्यतीत घ्यायचे तेच एनर्जी जेल तेवढ्याच अंतराने घेऊन. तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदके हे नेहमीचे प्रमाण आहे आणि एका जेलमध्ये बहुधा २० ते २५ ग्रॅम असतात, म्हणून मी दर ३५ मिनिटांनी एक घेतला. शेवटच्या चार किलोमीटरांत पेस दहा सेकंदांहून अधिक घसरला असता, तर लक्ष्य ४:१० वर नेणार होतो. पेस सहा सेकंद घसरला.

मुंबईत ३० किलोमीटरपर्यंत संथ टोकाशीच राहिलो. पहिला अर्धा भाग २:०२, दुसरा २:०५, निकाल ४:०७. पट्ट्याच्या बाहेर तीन मिनिटे. त्यांतली निदान दोन परतीच्या पेडर रोडच्या चढावर गेली. तो चढ शेवटच्या सहा-सात किलोमीटरांत येतो आणि सिंहगड रस्त्यावरच्या माझ्या सपाट चाचणीत त्याच्यासारखे काहीच नव्हते. यंदा चाचणीचे शेवटचे तीन किलोमीटर चढावर ठेवले आहेत.

ज्याची ही पहिलीच फुल आहे, त्याच्याकडे स्वतःचा गुणक नसतो. त्याने २.२ घ्यावा, आठ आठवड्यांची सरासरी पस्तिशीच्या खाली असेल तर २.३, आणि मित्रांनी विचारले तर एक वेळ न सांगता पट्टा सांगावा. चिप टाइम (धावपटूच्या अंगावरच्या चिपने मोजलेली वेळ) आल्यावर दोन्ही अर्ध्यांच्या वेळा वेगवेगळ्या लिहून ठेवाव्यात. दुसरा भाग पहिल्यापेक्षा दहा मिनिटांहून अधिक लांबला असेल, तर त्या वर्षीचा गुणक पुढच्या वर्षी वापरू नये. चार-पाच मिनिटांच्या आत असेल, तर तो कुठल्याही कॅल्क्युलेटरपेक्षा जास्त खरा धरावा.